जुळे सोलापूरच्या उन्हात मक्याच्या प्लॅस्टिकचे दिवे टिकतील का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जुळे सोलापुरात घराचं काम शेवटच्या टप्प्यात आहे, खाली स्लॅब आणि वर पत्र्याची एक खोली. दिव्यांसाठी दोन प्रकार बघून ठेवलेत: मक्यापासून केलेल्या प्लॅस्टिकच्या थ्रीडी प्रिंटेड शेड, आणि जुन्या बाटल्या-जारपासून केलेल्या रिसायकल्ड प्लॅस्टिकच्या शेड. पर्यावरणाला बरं कोणतं, आपल्या उन्हाळ्यात टिकेल कोणतं, आणि सासूबाई म्हणतात तसं "प्लॅस्टिकच ते, पेटलं म्हणजे?" या भीतीत किती तथ्य आहे, हे तुम्हाला हवंय.

मी शेड आणि फिटिंग बनवते, दुरुस्तही करते. त्याआधी बरीच वर्षं एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू करण्याच्या, खात्यात होते, त्यामुळे प्लॅस्टिकचा दाणा कसा येतो, कसा वितळतो आणि पाच वर्षांनी कसा दिसतो हे जवळून पाहिलंय. माझ्या मते मका की बाटली हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी बघायचं ते हे, की दिव्याचा कोणता भाग त्या प्लॅस्टिकचा आहे, तिथे किती तापतं, आणि बल्ब गेल्यावर फक्त बल्ब बदलता येतो का. याची उत्तरं मिळाली की मका की बाटली हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

दिव्यात वीज वाहणारा भाग वेगळा, उजेड ज्यातून येतो तो पांढुरका पडदा वेगळा, आणि वरची शेड किंवा सांगाडा वेगळा. होल्डर, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट) आणि वायरच्या जोडण्या यांच्याजवळ पर्यावरणस्नेही प्रयोग करू नका, एवढं मी ठामपणे सांगते. दिव्यांच्या फिटिंगसाठी आपल्याकडे आयएस १०३२२ हे मानक आहे. त्यात जिवंत वीजवाहक भाग जागेवर धरून ठेवणारं प्लॅस्टिक किमान १२५ अंशाला तापवून त्यावर पोलादी गोळी दाबून ठेवतात. खळगा २ मिलिमीटरपेक्षा मोठा पडला तर माल बाद. बाकीच्या बाहेरच्या इन्सुलेटिंग भागांनाही हीच चाचणी किमान ७५ अंशाला द्यावी लागते. मक्यापासून करतात तो साधा पीएलए ५५ ते ६० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागतो. म्हणजे होल्डरचा कप, ड्रायव्हरची डबी किंवा छताला बसणारी वाटी पीएलएची असेल, तर ती फिटिंग कितीही देखणी असली तरी घेऊ नका. होल्डर बॅकेलाइटचा किंवा चिनी मातीचा घ्या. बॅकेलाइट तापवलं तरी पुन्हा वितळत नाही, म्हणूनच आजही होल्डरला तेच वापरतात.

आता शेड. इथे मात्र दोन्हीला वाव आहे, आणि इथेच सोलापूरचा उन्हाळा मोजायला लागतो. ९ वॅटच्या एलईडी बल्बला हात लावून बघा, काच किंवा घुमट कोमट लागतो, पण मागचा टोपीजवळचा भाग चांगला गरम असतो. एलईडीची उष्णता पुढे उजेडाबरोबर जात नाही, मागे जाते. टांगत्या दिव्यात टोपी वर असते, गरम हवाही वरच जाते, त्यामुळे शेडचा सगळ्यात तापणारा भाग म्हणजे वरचं टोक. तोंड खाली आणि वरून बंद अशा लहान शेडमध्ये वरच्या टोकाशी मला खोलीपेक्षा १५ ते २० अंश जास्त तापमान मिळालेलं आहे. आता मे महिना धरा. बाहेर ४२-४३, पत्र्याखाली छताजवळ त्याहून वर. त्यात हे १५-२० मिळवले की तुम्ही पीएलएच्या मऊ पडण्याच्या हद्दीत जाऊन बसता. दिवा बंद असला तरी पत्र्याखालची खोली दुपारभर तशीच तापलेली राहते, हेही विसरू नका.

पीएलए त्या तापमानाला वितळून खाली पडत नाही. गुळाची ढेप उन्हात जशी हळूहळू बसते तसा तो स्वतःच्या वजनाने बसतो. गोल शेड अंडाकृती होते, होल्डरभोवतीचं भोक सैल पडतं, आणि मग एक दिवस शेड कलते. उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेमागे पीएलएची वस्तू विसरलात तर हेच एका दुपारीत दिसेल. त्यामुळे वरच्या पत्र्याच्या खोलीला साधा पीएलए नको. खाली स्लॅबखाली, पंख्याच्या वाऱ्यात, वरून उघडी आणि बल्बपासून चारही बाजूंनी किमान चार बोटं लांब अशी मोठी शेड असेल, तर पीएलए चालतो, माझ्या माहितीतल्या घरांत चाललाय. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या दिव्यालाही हरकत नाही, फक्त टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून नको. बाजारात उष्णता सहन करणारा पीएलएही मिळतो. त्यात मोल्डिंगनंतर तापवून त्याचे स्फटिक वाढवलेले असतात आणि तो बराच जास्त ताप झेलतो. विक्रेता तसं म्हणत असेल तर त्याच मालाचा एक तुकडा मागा. वाफाळत्या, साधारण ७० अंशाच्या पाण्यात दोन मिनिटं धरा आणि वाकवून बघा. साधा असेल तर लगेच वाकतो. तुकडा द्यायलाच जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

वनस्पतीपासून म्हणजे फक्त पीएलए असं धरू नका. एरंडाच्या तेलापासून नायलॉन ११ करतात. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि आपल्याकडे बांधावर एरंड कुणी पाहिला नाही असं होणार नाही. हे नायलॉन चिवट असतं आणि १८० अंशाच्या पुढे जाऊन वितळतं. जपानच्या मित्सुबिशी केमिकलने आयसोसॉर्बाइड या वनस्पतीजन्य पदार्थापासून ड्युराबायो नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक केलंय, ते उन्हात पिवळं पडायला चांगलाच विरोध करतं. ब्राझीलची ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन करते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, म्हणून हे मुद्दाम सांगते: उसापासून केलेलं हे पॉलिथिलीन नेहमीच्या पॉलिथिलीनसारखंच असतं. ते कुजत नाही, पण नेहमीच्या पॉलिथिलीनबरोबर पुन्हा वितळवता येतं. उलट पीएलए योग्य परिस्थितीत कुजतो, पण पेट (पीईटी) या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या बाटल्यांच्या, ढिगात मिसळला तर तो सगळा माल बिघडवतो. वनस्पतीपासून बनणं आणि मातीत मिसळणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वेष्टनावर हिरवं पान छापलं की विकणाराही दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो.

कुजण्याचं म्हणाल तर, पीएलएला ५८-६० अंशाचा आणि ओल टिकवणारा औद्योगिक कंपोस्टचा ढीग लागतो. परसातल्या खड्ड्यात किंवा कुंडीत तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि असा माल विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पण दिव्याची शेड ही दहा वर्षं वापरायची वस्तू. ती कुजते की नाही याला मी फार वजन देत नाही. कॅरीबॅगला तो मुद्दा मोठा, शेडला टिकणं मोठं.

रिसायकल्डकडे येऊ. इथे कोणतं प्लॅस्टिक रिसायकल केलंय हे सगळ्यात महत्त्वाचं. वीस लिटरच्या पाण्याच्या जुन्या जारांपैकी बरेच पॉलिकार्बोनेटचे असतात. त्याचा दाणा चांगला झाला तर शेडला आणि उजेडाच्या पडद्याला तो माझा पहिला पसंतीचा माल. पॉलिकार्बोनेट १४०-१४५ अंशापर्यंत मऊ पडत नाही, म्हणजे आपल्या पत्र्यालाही ते भारी आहे. सिग्निफाय, म्हणजे जी कंपनी फिलिप्स नावाने दिवे विकते, ती पॉलिकार्बोनेटच्याच थ्रीडी प्रिंटेड फिटिंग करते, काही रिसायकल्ड मालातून. दुसरी पसंती पीपीला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला. बाटलीची झाकणं, डबे, खुर्च्या यातून तो भरपूर येतो, १६० अंशाच्या आसपास वितळतो, स्वस्त असतो, पण पारदर्शक होत नाही. अपारदर्शक शेडला तो उत्तम. पाण्याच्या बाटलीचं पेट मात्र शेडसाठी मधलंच. न स्फटिकलेलं पेट ७०-७५ अंशाला ढिलं पडतं. स्लॅबखाली चालेल, पत्र्याखाली मी लावणार नाही. पेटच्या धाग्यापासून केलेल्या जाड नमद्याच्या (फेल्टच्या) शेड येतात, त्या मला आवडतात. आवाजही शोषतात.

रिसायकल्ड मालातली खरी जोखीम भेसळीची. पेटमध्ये चुकून पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक) मिसळलं तर पेट वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल वायू सोडतं, माल पिवळा आणि ठिसूळ होतो. ज्याच्याकडे छाटणी नीट नाही त्याचा माल दोन उन्हाळ्यांत तडकतो. काळ्याभोर रिसायकल्ड मालाबद्दल आणखी सावध राहा. जुन्या टीव्ही-संगणकांच्या खोक्यांतून आलेल्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त आगरोधक रसायनं असू शकतात. मुलांच्या खोलीत माल कुठून आला हे माहीत नसेल तर काळी शेड टाळा. आणि "शंभर टक्के रिसायकल्ड" असं लिहिलेलं असेल तर विचारा, लोकांनी वापरून टाकलेल्या वस्तूंपासून की कारखान्यातल्याच स्प्रू-रनरच्या, म्हणजे साच्याच्या वाटांत उरलेल्या प्लॅस्टिकच्या, तुकड्यांपासून? कारखान्यातला तुकडा पुन्हा दळून वापरणं ही प्रत्येक मोल्डिंगवाल्याची जुनीच पद्धत आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी तुम्ही जास्त पैसे का द्यावेत?

इथवरचं थोडक्यात: विजेजवळ प्रयोग नको, पत्र्याखाली रिसायकल्ड पॉलिकार्बोनेट किंवा पीपी, स्लॅबखाली मोठ्या, उघड्या शेडसाठी पीएलएही चालेल.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. दोनशे ग्रॅमची शेड नव्या पीपीची केली तरी तिच्या प्लॅस्टिकमागे साधारण अर्धा किलोच्या आतच कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता दिवा रोज पाच तास लागतो असं धरा. ९ वॅटचा बल्ब वर्षाला साधारण १६ युनिट खातो. शेड जाड, गडद किंवा मळकट असल्याने उजेड अडला आणि तुम्ही १५ वॅटचा बल्ब लावला, तर दहा वर्षांत ११० युनिट जादा. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे हे ७५ किलोच्या वर गेलं. आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प तुमच्यापासून काही फार लांब नाही, आणि तो कोळशावर चालतो. मक्याची असो की बाटलीची, उजेड गिळणारी शेड पर्यावरणाला महाग पडते. दुकानात शेड घेताना त्यात बल्ब लावून दाखवायला सांगा. खाली वर्तमानपत्र धरा आणि बारीक अक्षर वाचून बघा. नुसत्या बल्बखाली आणि शेडखाली वाचण्यात फार फरक वाटला तर ती शेड फक्त शोभेच्या कोपऱ्यासाठी.

याला जोडूनच ड्रायव्हरचं. एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारा छोटा भाग) ही पहिली मरणारी चीज, आणि तिचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. बंद शेडमध्ये तुम्ही बल्बला स्वतःच्याच उष्णतेत कोंडता. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या "सारखे बल्ब जातात" तक्रारींमध्ये बंद शेड हे नेहमीचं कारण. सोलापूरसाठी शेड वरून उघडी किंवा निदान वर भोकं असलेलीच घ्या. तसंच जिच्यात एलईडीची पट्टी कायमची चिकटवलेली आहे अशी फिटिंग, मग ती शंभर टक्के वनस्पतीजन्य का असेना, मी सुचवणार नाही. पट्टी गेली की सगळीच भंगारात. साधा बी२२ (खटक्याचा) किंवा ई२७ (आट्यांचा) होल्डर असलेली घ्या, बल्ब कुठल्याही दुकानात मिळतो. बल्बच्या खोक्यावर बीईईचे (ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचे) तारे आणि वॅटमागे किती ल्युमेन, म्हणजे किती उजेड, हे बघा.

आगीबद्दल घरच्यांची भीती निराधार नाही, फक्त तिचं ठिकाण वेगळं आहे. पीएलए आणि पीपी दोन्ही पेटतात आणि जळते थेंब टाकतात. पॉलिकार्बोनेट सहसा ज्योत काढली की विझतं. पण मी पाहिलेल्या काळवंडलेल्या फिटिंगमध्ये सुरुवात शेडपासून नाही, होल्डरच्या सैल स्क्रूपासून किंवा नुसत्या टेपने गुंडाळलेल्या जोडणीपासून झाली होती. वायरमनला सांगून प्रत्येक जोडणी कनेक्टरमध्ये घट्ट करून घ्या आणि बोर्डात आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. देवघरात मात्र समई-निरांजनाच्या वर कोणतीही प्लॅस्टिकची शेड नको, तिथे पितळी किंवा काचेचा छोटा दिवा लावा. आणि सोलापुरातल्या विणकरांच्या पूर्व भागासारखं कुणाच्या घराला लागून माग असेल, तर तिथली कापसाची पिंज शेडवर साचते आणि गरम होल्डरपर्यंत पोचते. तिथे बंद, धातूची फिटिंगच हवी. तुमच्याकडे माग नसावा, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे असेल म्हणून लिहिलं.

तुमच्या बाकीच्या जागा पटकन. स्वयंपाकघरात फोडणीची वाफ आणि तेल शेडवर बसतं. तेलाने आणि कडक साबणाने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून तिथे रिसायकल्ड पीपी किंवा सरळ काच. थ्रीडी प्रिंटच्या रेघांत तेलकट धूळ अडकते ती ब्रशनेही निघत नाही, तेव्हा प्रिंटेड शेड तिथे नको. गॅलरीत थेट ऊन येतं. रिसायकल्ड मालातलं ऊन झेलणारं रसायन आधीच्या वापरात बरंचसं संपलेलं असतं, म्हणून तिथे अॅल्युमिनियम. फॉल्स सीलिंगमध्ये बसवायच्या गोल दिव्यांनाही अॅल्युमिनियमच, कारण वर हवा कोंडते. जुन्या अॅल्युमिनियमपासून नवं करायला मूळ धातू काढण्याच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते, त्यामुळे मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर दोन शेड टांगायच्यात म्हणालात, तिथे तुमची ती मक्याची शेड हौसेने लावा. मोठी, फिकट, वरून उघडी.

घेताना आणखी एक करा. आतल्या बाजूला त्रिकोणातला आकडा शोधा: १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पीपी, ७ मध्ये पॉलिकार्बोनेट आणि पीएलए दोन्ही येतात. आकडा नसेल तर मालाचा तुकडा पाण्यात टाका. पीपी आणि पॉलिथिलीन तरंगतात. पेट, पॉलिकार्बोनेट, पीएलए बुडतात. विक्रेत्याने जे सांगितलं आणि तुम्हाला जे दिसलं ते जुळलं, की शेडच्या आत पक्क्या मार्करने प्लॅस्टिकचं नाव आणि घेतल्याचं वर्ष लिहून ठेवा. पुढे ती काढायची वेळ येईल तेव्हा होल्डर आणि वायर वेगळी करून बल्ब ई-कचऱ्यात द्या. शेड भंगारवाल्याकडे देताना ते नाव दाखवलं तर तो ती योग्य ढिगात टाकेल, नाहीतर सात नंबरच्या मालाला सहसा कुणी हात लावत नाही.